अर्धा ठिपका

जुना कोणी कॉलेजवाला भेटला की आमचा रामराम ठरलेला आहे. लग्नाच्या मांडवात भेटो, नाहीतर एस.टी. स्टँडवर. तो लांबूनच अहिराणीत ओरडतो, "व्हयनं का तुम्हनं स्वराज्य?" आणि मी इकडून ओरडतो, "आजून नही!" आजूबाजूची माणसं दचकून बघतात. मग 'झालं का तुमचं स्वराज्य' एवढाच त्याचा अर्थ, असा खुलासा करावा लागतो. एक किस्सा सांगितला की त्याला दुसरा चिकटलेला निघतो, दुसऱ्याला तिसरा, आणि तोवर पंगत उठून जाते!

मी मुळात उतावळा माणूस. गोष्ट सांगतानाही शेवट आधी सांगून मोकळा होतो, अशी घरची तक्रार आहे. आज तसं करणार नाही. कारण ज्या मुलाच्या या गोष्टी आहेत, त्याला आमच्यादेखत तीन वर्षं नुसती वाट बघावी लागली. तुम्ही थोडी बघायला हरकत नाही.

*

जळगावला आमच्या कॉलेजात भूगोलाच्या खोलीत जगाचा एक भलामोठा नकाशा होता. साहेबाच्या काळात घेतलेला, कापडावर चिकटवलेला. जिथं जिथं इंग्रजांचं राज्य, तिथं तिथं गुलाबी रंग. पुढे जग बदललं, पण नवा नकाशा घ्यायला ग्रँट नव्हती.

मग भूगोलाचे झोपे सर एखादा देश स्वतंत्र झाला की जलरंगाची डबी काढायचे, स्टुलावर चढायचे आणि वर्गासमोर त्या देशाला हिरवा रंग द्यायचे. सर मूळचे फैजपूरचे, केळीवाल्यांच्या घरातले. नावाचे झोपे, पण जगात कुठं झेंडा बदलला तर जळगावात सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं.

आम्ही कॉलेजात यायच्या थोडं आधी एका वर्षात आफ्रिकेतले इतके देश सुटले की सरांच्या हिरव्या रंगाच्या डब्यावर डब्या संपल्या. त्यांनी ऑफिसात बिल लावलं. कारण विचारलं गेलं, तेव्हा सरांनी लिहिलं, "वसाहतवादाचा अंत."

ऑफिसचा शेरा आला, "अंत नेमका कधी होणार ते कळवावे, म्हणजे तरतूद करता येईल!"

*

पासष्ट सालच्या जूनमध्ये वर्गात एक नवा मुलगा आला. मॉरिशसचा. हिंदी महासागरातलं हे उसाचं बेट, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. त्याचे पणजोबा कोकणातून गलबतानं तिकडे गेले, उसाच्या मळ्यात राबले आणि तिथलेच झाले. सरकारी स्कॉलरशिपवर तो शिकायला आला होता. पुण्याच्या जागा भरल्या होत्या, म्हणून जळगाव.

नाव लक्ष्मण. पण तिकडच्या गोऱ्या कारकुनानं जन्माच्या वेळी इंग्रजीत जे काही लिहून ठेवलं होतं, ते वाचून आमच्या हेडक्लार्कनं हजेरीपटावर 'लचमन' लिहिलं. झालं! तो कायमचा लचमन झाला. होस्टेलवर त्याला माझ्याच खोलीत टाकलं.

त्याचं मराठी ऐकून आम्ही गार पडलो. त्यांच्याकडे घरात मराठी राहिली होती ती पोथ्या आणि भजनांमधून. पहिल्याच दिवशी तो मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, मज एक भाकर द्यावी. क्षुधा फार जाहली."

आमचे मेसचे आचारी म्हणजे नाना, धुळ्याकडचे. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि सरळ हात जोडले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हाऊ कोन शे? कीर्तनकार शे का?"

*

नानांना तो आवडला. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांनी त्याला विचारलं, "तुम्हना गावले राज्य कोन्हं शे?"

"राणीचे," लचमन म्हणाला.

"आजून?" नानांचा वरण वाढणारा हात तसाच थांबला. आमच्याकडचा इंग्रज जाऊन अठरा वर्षं होत आली होती. तो दुसरीकडे कुठं अजून बसलेला असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लचमनच्या ताटात पहिली भाकरी टाकताना नाना रोज विचारायचे, "व्हयनं का तुम्हनं स्वराज्य?" आणि तो म्हणायचा, "अजून नाही, नाना." महिनाभरात सगळं होस्टेल तेच बोलायला लागलं. कुणाचा रिझल्ट अडकला, कुणाचं लग्न ठरेना, कुणाची सायकल दुरुस्त होऊन येईना, की लगेच, "व्हयनं का स्वराज्य?"

लचमन हसायचा. पण रात्री आमची खोली झाडताना एकदा तो मला म्हणाला, "भाऊ, तुम्हाला हा विनोद आहे. मला रोज सकाळी कोणीतरी हजेरी घेतल्यासारखे वाटते."

*

एकदा मी त्याला विचारलं, इतक्या लांब येऊन भूगोल कशाला?

तो म्हणाला, "आमच्या शाळेत टेम्स नदी शिकवतात. तिचे सगळे पूल मला पाठ आहेत. घरामागची नदी कुठे जाते ते कोणाला विचारले तर कोणास ठाऊक नाही. बाबा ऊस तोडतात. ते म्हणाले, जा आणि आपल्या नद्या शिकवणारा मास्तर होऊन ये."

हे ऐकल्यावर मी त्याला नकाशापाशी घेऊन गेलो. म्हटलं, दाखव तुझा देश. त्यानं आफ्रिकेच्या उजवीकडे समुद्रात शोधलं आणि एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा पाहा!" छाती फुगलेली. त्यानं प्रेमानं त्यावरून बोट फिरवलं, तर ठिपका पुसलाच गेला!

लचमनचा चेहरा पांढरा पडला. मागे झोपे सर उभे होते. ते म्हणाले, "घाबरू नको. तो माशीचा डाग होता. तुझा देश बोटभर उजवीकडे आहे."

होता खरा. मोहरीपेक्षा लहान आणि गुलाबी.

*

त्याच वर्षी युद्ध झालं. युद्ध थांबल्यावरही गावोगाव हेरांचा संशय होताच. तशात झोपे सरांनी आमची ट्रिप सोनगीरला नेली. किल्ल्याचा नकाशा काढायला! आम्ही वर चढून कंपास लावतोय, मोजपट्टी ताणतोय, तोवर खालून गाव जमा होऊन आलं. सर नेमके खाली पाणी प्यायला गेलेले.

"तुम्ही कोन शेतस?" एक आबा काठी टेकत पुढे आले.

आमच्यातला सगळ्यात काळजीचा माणूस म्हणजे लचमन. परदेशी, खिशात राणीचा पासपोर्ट! मी त्याला मागे ढकलत होतो, तर तोच पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, आम्ही विद्यार्थी असो. कृपा करावी."

असलं मराठी कोणी बोलत नाही, म्हणजे हा नक्की शिकून आलेला हेर! आबा म्हणाले, "हिंदू शे ना? मंग आरती म्हन."

लचमननं डोळे मिटले आणि सुरू केलं. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. एक कडवं सोडलं नाही. बायांनी पदर पुढे घेतले, आबांनी काठी बाजूला ठेवली. मग ते माझ्याकडे वळले. "आते तू म्हन."

मी दुसऱ्या कडव्यात अडकलो. लचमनला त्यांनी गूळपाणी दिलं आणि मला सर येईपर्यंत धरून ठेवलं!

*

आमचा तिसरा भिडू कांतीलाल. मारवाडी, घरचं कापडाचं दुकान, बोलणं सगळं दुकानातलं. लचमन एकदा आम्हाला त्यांच्याकडची रीत सांगत होता. आधी थोड्या लोकांना मत. मग सगळ्यांना मत. आधी नुसते सल्लागार, मग मंत्री. मग लंडनला बैठक, मग निवडणूक, मग पुन्हा बघू. प्रत्येक पायरीला इंग्रज म्हणणार, घाई करू नका.

कांतीलाल म्हणाला, "समजलं यार! आमचं स्वराज्य रोखीत झालं. तुझं हप्त्यानं चाललंय."

आम्ही खो खो हसलो. झोपे सर दारात होते ते कोणाला दिसलंच नाही. ते आत आले. "रोखीत? बेचाळीस साली मी धुळ्याच्या तुरुंगात होतो. माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर आत गेला. तो बाहेर आला नाही. रोखीत म्हणे!" आणि ते निघून गेले. त्या दिवशी आम्ही कोणी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी कांतीलाल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "सर, माझा शब्द चुकला."

सर म्हणाले, "शब्द बरोबर होता रे. रोख कुणी भरली तेवढं विसरलास."

*

सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे निवडणूक झाली. स्वातंत्र्य हवं म्हणणारे जिंकले. पण नको म्हणणारेही थोडेथोडके नव्हते, जवळजवळ निम्मे! लचमनच्या घरातच दोन तट होते. बाबांनी हवं म्हणून मत दिलं. थोरला भाऊ आधीच लंडनला जाऊन बसला होता. त्याचं म्हणणं, बेटावर ऊस आणि भांडणं सोडून आहे काय, इंग्रज गेला की उपाशी मराल.

तरी लचमन नाचत आला. घरचा कारभार आता त्यांचा होता, नुसता शेवटचा झेंडा बदलायचा राहिला होता. तो धावत भूगोलाच्या खोलीत गेला. "सर, आता तरी रंगवा!"

"पूर्ण झालं का?"

"पूर्ण नाही. पण सर, पुष्कळ झालं! अर्धा तरी रंगवा."

सरांनी चष्मा काढून नकाशाकडे पाहिलं. "अरे, हिंदुस्थानाएवढा देश असता तर अर्धा रंगवला असता. ठिपका अर्धा कसा रंगवू?"

*

एव्हाना त्याच्या मराठीचं भलतंच झालं होतं. दिवसभर नानांच्या स्वयंपाकघरात बसायचा, भाकरी थापायला शिकला होता. त्यामुळे गडी पोथीतून निघाला तो थेट अहिराणीत पोचला. मधली तुमची-आमची मराठी त्याला लागलीच नाही.

प्रॅक्टिकलला पुण्याहून परीक्षक आले. त्यांनी काहीतरी अवघड विचारलं. लचमन अदबीनं म्हणाला, "माले येस सर, पन बठ्ठं नही येत." येतं, पण सगळं येत नाही, एवढंच.

परीक्षक खूश झाले. झोपे सरांना म्हणाले, "वा! ही मॉरिशसची भाषा का?"

सर म्हणाले, "नाही, धुळ्याची!"

*

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही, पण ते गाळून पुढचं सांगता येत नाही.

मार्चची बारा तारीख ठरली होती. आणि जानेवारीत पेपरात कोपऱ्यात तीन ओळी आल्या: मॉरिशसच्या राजधानीत दंगल, ब्रिटिश फौजा उतरल्या. बस, एवढंच. लचमनची बहीण त्याच शहरात शिवणकामाला जायची.

त्यानं तार केली. उत्तर नाही. दुसरी केली. उत्तर नाही. तो बसेना, झोपेना. होस्टेलवरून स्टेशनपर्यंत जायचा, पेपराचा गठ्ठा उतरेपर्यंत थांबायचा, चाळायचा आणि परत यायचा. मी सोबत चालायचो. मला तर साधी बसची वाट बघवत नाही, आणि इथं हे! मला त्या पेपरवाल्यांचा असा राग यायचा की काय सांगू. गावच्या कुस्त्यांना अर्धं पान, आणि एका मुलाच्या अख्ख्या घराला तीन ओळी!

जाता जाता एकदाच तो म्हणाला, "झेंडा उतरवायच्या आधी पुन्हा त्यांचेच सोजीर बोलवावे लागले. दादा आता म्हणेल, बघ, सांगत होतो."

त्या दिवसांत नानांनी विचारणं बंद केलं. भाकरी ताटात टाकायचे, वर तुपाची धार सोडायचे आणि मान फिरवायचे.

शेवटी बाबांची तार आली. बहीण सुखरूप होती. लचमननं ती तार नानांना वाचून दाखवली. नानांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाले, "मंग? व्हयनं का स्वराज्य?"

*

बाबांच्या तारेमागोमाग लंडनहून भावाचं पाकीट आलं. आत मुंबईहून लंडनचं विमानाचं तिकीट, आणि निरोप: अजून राणीचे आहोत तोवर ये, इथेही आता दार लावून घेत आहेत. तिकीट बारा मार्चच्या आधीचं होतं. परीक्षा बुडणार होती, मास्तरकी बुडणार होती, पण लंडन मिळणार होतं.

लचमन ते पाकीट उशाखाली घेऊन झोपायचा. कांतीलाल म्हणायचा, जा. मी म्हणायचो, जाऊ नको. झोपे सरांना विचारलं तर म्हणाले, "मी नकाशा रंगवतो. रस्ता सांगत नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. एक काय ते सांगून टाका ना!

जायच्या दिवशी दुपारी त्यानं ट्रंक उचलली. "स्टेशनवर कोणी येऊ नका, माझ्याने निघवणार नाही," म्हणाला, आणि टांग्यात बसला. नानांनी दशम्या बांधून दिल्या. मुंबईची गाडी गेल्याची शिट्टी आम्ही होस्टेलवर ऐकली. त्याची कॉट रिकामी बघवेना म्हणून मी माझी गादी कांतीलालच्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या वेळी लचमन ट्रंक घेऊन दारात उभा!

"अरे, विमान?"

"गेलं असेल."

"आणि तू कुठं होतास?"

"भुसावळला."

मुंबई पश्चिमेला, भुसावळ पूर्वेला! तो म्हणाला, चुकून उलट्या गाडीत चढलो. जानेवारीत रोज ज्यानं त्या फलाटावर पेपरांच्या गठ्ठ्यांची वाट बघितली, तो म्हणतो चुकून! भूगोलाचा विद्यार्थी! कांतीलालनं तोंड उघडलं होतं, पण मी त्याला कोपरखळी मारली.

नाना एवढंच म्हणाले, "दशम्या खाध्यात का?"

"नही."

"मंग बस."

*

बारा मार्च. होळी तोंडावर आली होती, ऊन चढलं होतं. लचमन म्हणाला, तिकडे दुपारी बारा वाजता झेंडा चढणार. झोपे सरांनी लगेच रेखांशाचा हिशेब केला. तिथले बारा म्हणजे आपले दीड. त्याआधी रंग लावायचा नाही! भूगोलाचे मास्तर, ऐकतात कुठं?

अकरापासून आम्ही त्या खोलीत. लचमन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. मी सरांना तीनदा म्हटलं, "लावून टाका ना सर, कोण बघतंय?" तिसऱ्यांदा त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला!

जेवणाची पंगत अर्धी सोडून नाना आले. कॉलेजच्या इमारतीत ते कधीच आले नव्हते. हाताला पीठ तसंच. दारात चपला काढल्या आणि माझ्याबरोबर आत शिरले.

दीड वाजला. सरांनी डबी उघडली, हिरवा रंग कालवला आणि कुंचला लचमनपुढे धरला.

"सर, तुम्ही."

"मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे देश रंगवले. तू तुझा रंगव."

लचमन स्टुलावर चढला. कुंचला जाड, ठिपका बारीक. समुद्र हिरवा होणार! कांतीलालनं खिशातून काड्यापेटी काढली, एक काडी दातानं अणकुचीदार केली आणि वर दिली. लचमननं काडी रंगात बुडवली. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. आणि टेकवली.

झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

खालून नानांनी विचारलं, "व्हयनं का?"

"व्हयनं, नाना."

नाना नकाशाजवळ गेले. टाचा उंच केल्या, डोळे बारीक केले. बराच वेळ शोधलं. लचमननं बोटानं दाखवलं, तेव्हा कुठं दिसलं. मग हळूच म्हणाले, "इतलंसं?"

लचमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"इतलंसंच शे, नाना," तो म्हणाला. "पन बठ्ठं शे!"